बंद पडलेल्या यंत्राची साक्ष

घड्याळ बंद पडले, तर ते किती वाजता बंद पडले हे निदान त्याच्या काट्यांवरून कळते. संगणकाचे तसे नाही. तो थांबला म्हणजे पडदा स्थिर होतो किंवा काळा पडतो, आणि अखेरच्या क्षणी त्याच्या अंतरंगात काय घडले याची कसलीही खूण बाहेरून दिसत नाही. विजेचे बटण बंद करून पुन्हा चालू करावे, हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय होय. यंत्र बहुधा चालू होते, काम पुढे सरकते आणि बिघाडाचे कारण त्या बटणाबरोबरच पुसले जाते. हे कारण पुसले जाऊ नये, यंत्राने थांबण्यापूर्वी आपली साक्ष मागे ठेवावी, यासाठी जी योजना करावी लागते तिला कर्नेलच्या दोषशोधनाचे पर्याय असे म्हणतात. ही योजना बिघाड झाल्यावर करता येत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते. या विषयाचे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांच्या खोलीतला आहे, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी घेऊन त्यांचे पैसे अँड्रॉइड फोनवरून चुकते करणारे गिऱ्हाईक पाहावे; पेठेतील दुकानात इंटरनेट पुरविणारी राउटरची लहानशी पेटी पाहावी; आणि खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी २०२४ साली कार्यान्वित झालेल्या 'परम रुद्र' या महासंगणकाचा विचार करावा. फोनच्या आणि महासंगणकाच्या मुळाशी, आणि बहुतेक राउटरांच्याही मुळाशी, एकच वस्तू आहे. ती म्हणजे लिनक्स कर्नेल. हेलसिंकीच्या विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला, त्या कर्नेलची मूळ आज्ञावली आज तीन कोटींहून अधिक ओळींची झाली आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवरच चालत आले आहे. इतक्या विस्तीर्ण रचनेत दोष असणारच. प्रश्न एवढाच, की ते सापडतात कसे.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. मेमरीतील कोणती जागा कोणत्या प्रोग्रॅमने वापरावी, प्रोसेसर किती वेळ कोणाच्या सेवेत असावा, डिस्क, पडदा, तारा आणि संदेश यांचा व्यवहार कोणत्या क्रमाने व्हावा, हे सारे तोच ठरवितो. एखादा सामान्य प्रोग्रॅम चुकला आणि कोसळला, तर कर्नेल त्याच्या डोक्यावर उभा असतो. तो त्या प्रोग्रॅमला बाजूला काढतो, त्याची नोंद करतो आणि बाकीचा कारभार चालू ठेवतो. परंतु चूक खुद्द कर्नेलमध्येच झाली, तर नोंद करणार कोण? पंचनामा करणारा अधिकारीच मूर्च्छित पडला, तर पंचनामा लिहिला जात नाही. म्हणूनच कर्नेलच्या दोषशोधनासाठी वेगळी, आधीपासून आखलेली व्यवस्था लागते.

ही व्यवस्था कशी आखली जाते? लिनक्सचा कर्नेल तयार वस्तूसारखा एकाच साच्यातून निघत नाही. तो बांधण्यापूर्वी बांधणाऱ्याला प्रश्नांची एक भली मोठी यादी विचारली जाते. या प्रश्नांची संख्या आज दहा हजारांच्या पुढे गेली आहे. पुष्कळशा प्रश्नांना तीन उत्तरे संभवतात : हा भाग कर्नेलमध्ये कायमचा बसवावा, गरजेनुसार जोडता येईल असा सुटा ठेवावा, किंवा मुळीच घेऊ नये. काहींना होय आणि नाही एवढी दोनच. 'मेन्यूकॉन्फिग' या साधनाने ही यादी पडद्यावर उघडते, आणि दिलेली सर्व उत्तरे 'डॉट कॉन्फिग' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये लिहिली जातात. यादीच्या अगदी तळाशी 'कर्नेल हॅकिंग' असे शीर्षक असलेला विभाग आहे. नाव काहीसे भयप्रद असले, तरी परक्याच्या संगणकात शिरण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. दोषशोधनाचे बहुतेक पर्याय येथेच एकत्र ठेवलेले आहेत. त्यातील 'डीबग कर्नेल' हा पर्याय स्वतः फारसे काही करीत नाही. तो दिंडीदरवाज्यासारखा आहे. त्यास 'होय' म्हटल्यावर आतली अनेक दालने निवडीसाठी खुली होतात.

या दालनांत प्रथमच प्रवेश करणारा गोंधळून जातो, कारण पर्याय शेकड्यांनी आहेत आणि त्यांची नावे आखूड व गूढ आहेत. परंतु त्यांचे प्रयोजन पाहिले, तर ते तीन गटांत मोडतात. पहिला गट साक्ष ठेवणाऱ्यांचा, दुसरा पहारा करणाऱ्यांचा आणि तिसरा तपास करणाऱ्यांचा.

पहिल्या गटाचा विचार करू जाता प्रथम 'ऊप्स' या शब्दाची ओळख हवी. कर्नेलला स्वतःत काही अशक्य गोष्ट घडल्याचे उमगले, म्हणजे तो एक निवेदन छापतो. त्या निवेदनाचे हे नाव आहे. चूक सावरण्यापलीकडची असेल, तर तो 'पॅनिक' जाहीर करून सर्व काम थांबवितो. या निवेदनात प्रोसेसर त्या क्षणी आज्ञावलीच्या कोणत्या ठिकाणी होता आणि कोणकोणत्या वाटेने तेथे पोहोचला, याची माहिती असते. मात्र मुळात ही माहिती म्हणजे मेमरीतील पत्त्यांचे रुक्ष आकडे. 'कॉल सिम्स' हा पर्याय निवडला असेल, तर कर्नेल आपल्या सर्व कार्यांची नावे सोबत बाळगतो, आणि आकड्यांऐवजी निवेदनात नावे येतात : अमुक नावाच्या कार्यात, त्याच्या आरंभापासून इतक्या अंतरावर. 'डीबग इन्फो' हा पर्याय याच्याही पुढे जातो. त्यामुळे बांधणीच्या वेळी एक सविस्तर नकाशा तयार होतो, आणि त्याच्या साहाय्याने मूळ आज्ञावलीतील नेमकी फाइल व नेमकी ओळ हुडकता येते. या नकाशाचा आकार फार मोठा असतो. परंतु तो ग्राहकाच्या यंत्रात पाठविण्याची गरज नाही. तो बांधणाऱ्याने स्वतःपाशी जपून ठेवावयाचा असतो. तोही ज्या बांधणीचा, त्याच बांधणीचा. दुसऱ्या बांधणीचा नकाशा वापरणे म्हणजे पेडण्याचा नकाशा हाती घेऊन डिचोलीत घर शोधणे होय.

साक्ष तयार झाली, तरी ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न उरतोच. पडदा नसलेल्या यंत्रात पडद्यावर छापलेले निवेदन कोण वाचणार? आणि कोसळणाऱ्या कर्नेलवर डिस्क लिहिण्याचे काम सोपविणे धोक्याचे, कारण ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याने लिहिता लिहिता चांगला मजकूरही बिघडवावा, असा प्रसंग येऊ शकतो. म्हणून अन्य मार्ग योजिले आहेत. कार्यशाळेत यंत्राला सीरियल तार जोडून निवेदन शेजारच्या संगणकावर उतरवून घेतात. 'नेटकन्सोल' या पर्यायाने तेच निवेदन नेटवर्कवरून दूरच्या संगणकाकडे जाते. आणि 'पीस्टोअर' हा पर्याय, जो २०११ साली कर्नेलमध्ये आला, तो मेमरीचा एखादा राखीव तुकडा किंवा यंत्रातील अन्य टिकाऊ जागा वापरून अखेरचे निवेदन पुढच्या आरंभापर्यंत जपून ठेवतो.

याचा व्यावहारिक उपयोग किती, हे गोव्याच्या पावसाळ्याकडे पाहिले म्हणजे ध्यानी येईल. मासळीच्या शीतगृहाचे तापमान राखणारे, लिनक्सवर चालणारे एक लहान नियंत्रक यंत्र आहे, अशी कल्पना करावी. आषाढातील एका रात्री ते थांबते आणि सकाळी मासळी नासलेली आढळते. वीज चमकत होती, पुरवठा खंडित झाला होता. साहजिकच दोष विजेच्या माथी मारला जातो. मालक इन्व्हर्टर घेतो, तारा बदलतो, खर्च करतो. आणि पंधरा दिवसांनी यंत्र पुन्हा थांबते. या खेपेस वीज गेलेली नसते. दोष वास्तविक तापमापकाच्या ड्रायव्हरमध्ये असतो, पण त्याचा पुरावा कोणापाशी नसतो. याच यंत्रात पीस्टोअरची सोय असती, आणि पॅनिकनंतर काही सेकंदांनी आपोआप पुन्हा चालू होण्याची आज्ञा दिलेली असती, तर दोन लाभ झाले असते. कर्नेल कोसळला तरी यंत्र मिनिटाभरात पुन्हा कामास लागले असते. आणि विजेचा प्रवाह अखंड राहिल्यामुळे राखीव मेमरीतील निवेदन सुरक्षित राहून सकाळी वाचता आले असते. वीज खरोखरच गेली असती, तर मेमरीतील ती नोंद सहसा पुसली गेली असती. नोंद सापडली, तर कर्नेल कोसळला होता हे निश्चित होते. नोंद न सापडणे हा मात्र वीज गेल्याचा निर्णायक पुरावा नव्हे, कारण यंत्रसामग्रीच गोठली, तरीही नोंद राहत नाही. साक्षीचे मोल जाणताना तिची मर्यादाही जाणावी लागते.

दुसरा गट पहारेकऱ्यांचा. त्याची आवश्यकता समजण्यासाठी म्हापशाच्या आणि शापोऱ्याच्या खाडीकाठच्या खाजन शेतीचे उदाहरण पुरेसे आहे. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणाऱ्या मातीच्या बांधाला खेकडे भोके पाडतात. भोक पडते त्या दिवशी काहीच होत नाही. ओहोटीच्या वेळी ते दिसतही नाही. पुढे एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो, आणि तो भोकापाशीच फुटेल असेही नाही. कर्नेलमधील मेमरीच्या चुका याच जातीच्या असतात. एखादे कार्य आपल्या वाट्याच्या जागेपलीकडे दोन अक्षरे अधिक लिहिते, किंवा परत केलेली जागा पुन्हा वापरते. त्या क्षणी कोणाला काही कळत नाही. तासाभराने अगदी वेगळ्याच विभागातील निरपराध कार्य ती बिघडलेली माहिती वाचते आणि कोसळते. ऊप्सचे निवेदन त्या निरपराध कार्याचे नाव सांगते. अपराधी केव्हाच निसटलेला असतो.

अपराध्याला जागच्या जागी पकडण्यासाठी 'केसॅन' हा पर्याय आहे. सॅमसंगमध्ये काम करणाऱ्या आंद्रेई र्‍याबिनिन यांच्या प्रयत्नाने तो २०१५ साली लिनक्सच्या ४.० आवृत्तीत दाखल झाला. त्याच्या मूळ रूपाची रचना अशी, की मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्यासाठी राखून ठेवावयाचा आणि त्यात त्या जागेची अवस्था लिहावयाची : वापरण्यास मोकळी, सीमेपलीकडची, की परत केलेली. मेमरीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी ही नोंद तपासली जाते, आणि चूक घडताच अपराध्याच्या नावानिशी निवेदन निघते. याच्याहून हलका पहारा 'स्लब डीबग' हा आहे. तो कर्नेलमध्ये बसविलेला असला, तरी यंत्र सुरू करताना सूचना दिल्यावाचून जागा होत नाही. जागा झाला म्हणजे तो परत आलेल्या जागेत एक ठराविक खूण भरून ठेवतो. बिघाडाच्या निवेदनात '६बी ६बी ६बी' अशी अक्षरमाला दिसली, की परत केलेली जागा कोणीतरी पुन्हा वापरली, हे जाणकार तत्काळ ओळखतो.

मेमरी घ्यावयाची आणि परत करावयास विसरावयाचे, हा दुसरा दोष. घागरीला बारीक चीर असावी तशी यंत्राची मोकळी मेमरी हळूहळू कमी होत जाते, आणि आठवड्याभराने यंत्र गुदमरते. २००९ साली आलेला 'केमेमलीक' हा पर्याय सामान्यतः दर दहा मिनिटांनी मेमरीची झडती घेतो आणि ज्या जागेचा पत्ता कोठेही शिल्लक राहिलेला नाही, अशी जागा संशयित म्हणून नोंदवितो.

तिसरा दोष कुलुपांचा. कर्नेलमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालतात, आणि सामायिक वस्तूला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून तिच्यावर कुलूप घातलेले असते. आता एकाने कोठाराची किल्ली घेतली आणि तो तिजोरीच्या किल्लीची वाट पाहत बसला. दुसऱ्याने तिजोरीची किल्ली घेतली आणि तो कोठाराच्या किल्लीची वाट पाहत बसला. दोघेही सज्जन, दोघेही नियमाने वागणारे, आणि दोघेही जन्मभर तिष्ठत राहणार. असा प्रसंग लाखातून एकदा येतो. म्हणूनच तो प्रयोगशाळेत सापडत नाही आणि ग्राहकाच्या घरी हमखास येतो. इंगो मोल्नार आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली आणलेल्या 'लॉकडेप' या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की ती प्रत्यक्ष कोंडी होण्याची वाट पाहत नाही. कोणती कुलपे कोणत्या क्रमाने लावली जातात, याची ती नोंद ठेवते, आणि दोन ठिकाणचे क्रम परस्परविरुद्ध आढळताच, कोंडी झालेली नसतानाही, ती होऊ शकेल असा इशारा देते. याशिवाय एखादे काम ठराविक मुदतीपलीकडे, सामान्यतः १२० सेकंद, हालचाल न करता अडकून पडले तर ते कळविणारा 'हंग टास्क' हा साधा पहारेकरीही आहे.

तिसऱ्या गटात तपासाची साधने येतात. २००८ साली स्टीव्हन रोस्टेट यांनी आणलेले 'एफट्रेस' हे साधन कर्नेलमधील कार्ये कोणत्या क्रमाने बोलावली गेली याचा मागोवा घेते. ते बंद असते तेव्हा त्याच्या जागी काहीही न करणाऱ्या आज्ञा असतात, त्यामुळे त्याचा भार जवळजवळ शून्य असतो. 'डायनॅमिक डीबग' या पर्यायामुळे आज्ञावलीत पेरून ठेवलेले संदेश यंत्र चालू असतानाच हवे तेवढे जागे करता येतात. 'केप्रोब्ज' तर चालत्या कर्नेलमधील जवळजवळ कोणत्याही जागी तपासनाका बसविण्याची सोय देते. २००४ साली ती लिनक्समध्ये दाखल झाली, आणि भारतीय वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही, की तिच्या घडणीत आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा, विशेषतः प्रसन्न पंचमुखी आणि अनंत मविनकयनहळ्ळी यांचा, मोठा वाटा होता. २००५ साली आलेल्या 'केडम्प' या व्यवस्थेतही विवेक गोयल, मनीष सोनी आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ या आयबीएमच्या भारतीय अभियंत्यांनी महत्त्वाचे काम केले. तिची कल्पना अतिशय रोचक आहे. मेमरीचा एक भाग राखून त्यात दुसरा, लहान कर्नेल निजवून ठेवावयाचा. पहिला कर्नेल कोसळला, की हा दुसरा जागा होतो, पहिल्याच्या मेमरीला धक्का न लावता तिची संपूर्ण प्रत डिस्कवर उतरवून घेतो, आणि मग यंत्र रीतसर सुरू होते. मूर्च्छित अधिकाऱ्याचा पंचनामा करावयास दुसरा अधिकारी शेजारच्या खोलीत बसवून ठेवलेला असावा, तशीच ही योजना आहे.

चालत्या कर्नेलला मध्येच थांबवून पाऊल पाऊल पुढे नेणाऱ्या 'केजीडीबी' या साधनास मात्र प्रवेशासाठी २००८ सालापर्यंत तिष्ठावे लागले. टोरवाल्ड्स यांचा अशा साधनांना उघड विरोध होता. आज्ञावली नीट वाचून, तिचा अर्थ लावून दोष शोधावा. पाऊल पाऊल चालवून वरवरची डागडुजी करण्याची सवय लागू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांचे मत एकांगी वाटले, तरी त्यात एक तथ्य आहे. साधने पुरावा देतात. निवाडा माणसालाच करावा लागतो.

इतकी उपयुक्त साधने हाताशी असताना सर्वच पर्यायांना 'होय' का म्हणू नये, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खर्चाच्या हिशेबात आहे. केसॅनचे मूळ रूप मेमरीचा आठवा हिस्सा पहाऱ्यासाठी घेते. म्हणजे ५१२ मेगाबाइटांच्या यंत्रात ६४ मेगाबाइट केवळ पहारेकऱ्याच्या बैठकीला गेले. शिवाय यंत्राचा वेग दीडपट ते तिपटीने मंदावतो. लॉकडेप आणि केमेमलीक यांचा भारही हलका नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत परदेशांतून आलेले वापरलेले संगणक गोव्यातील शाळांना मिळवून देण्याचा उपक्रम झाला आणि त्यांवर लिनक्सचा उपयोग करण्यात आला. तशा जुन्या, तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रांवर एक अनावश्यक पर्याय म्हणजे ताटातला एक घास कमी. राउटरसारख्या लहान पेट्यांच्या बाबतीत ही काटकसर आजही तितकीच खरी आहे.

दुसरा खर्च सुरक्षिततेचा. जी माहिती दुरुस्ती करणाऱ्याला वाट दाखविते, तीच चोरालाही दाखविते. कर्नेलमधील पत्ते, अंतर्गत अवस्था आणि तपासनाके बसविण्याची मुभा, हे सारे कोणालाही खुले असणे म्हणजे घराचा आराखडा फाटकावर टांगणे होय. म्हणून बाजारात जाणाऱ्या यंत्रात हे संदेश व हे पत्ते सामान्य वापरकर्त्यापासून झाकून ठेवावे लागतात.

तिसरा खर्च अधिक सूक्ष्म आहे. पहारा बसविला की कामांचा वेग आणि एकमेकांना गाठण्याची वेळ बदलते. आणि जो दोष केवळ दोन कामांच्या विशिष्ट वेळी एकत्र येण्यातून जन्मतो, तो पहाऱ्यादेखत दिसेनासा होतो. पर्याय चालू केल्यावर दोष नाहीसा झाला, म्हणजे दोष दुरुस्त झाला, असे मानणे घातक ठरते.

या तिन्ही खर्चांचा विचार करून जाणत्या लोकांनी एक रीत घालून घेतली आहे. कर्नेल एक नव्हे, दोन बांधावेत : एक कार्यशाळेसाठी आणि एक बाजारासाठी. कार्यशाळेच्या कर्नेलमध्ये केसॅन, लॉकडेप, केमेमलीक हे सारे कडक पहारेकरी बसवावेत. त्यासाठी 'डीबग डॉट कॉन्फिग' नावाची तयार यादीही मूळ आज्ञावलीबरोबर मिळते. त्या कर्नेलवर यंत्राला होईल तितके राबवावे, वेडीवाकडी कामे सांगावीत, तार मध्येच काढावी, डिस्क भरून टाकावी. मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व गूगलच्या 'सिझबॉट' या स्वयंचलित व्यवस्थेने अवलंबिले आहे. २०१७ पासून ती पहारे बसविलेल्या कर्नेलांवर विचित्र आज्ञांचा अखंड मारा करीत आली असून तिने हजारो दोष उजेडात आणले आहेत.

बाजाराच्या कर्नेलमधून हे जड पहारेकरी काढावेत, पण साक्ष ठेवणारे मुळीच काढू नयेत. कार्यांची नावे, पीस्टोअर, अडकलेल्या कामांची दखल आणि आपलीच उत्तरपत्रिका पोटात बाळगणारा 'आयके-कॉन्फिग' यांचा खर्च अल्प आणि उपयोग मोठा आहे. पहाऱ्याची अगदीच उणीव राहू नये म्हणून २०२१ साली आलेला 'केफेन्स' आहे. तो प्रत्येक जागेवर डोळा ठेवीत नाही. ठराविक काळाने एखादी जागा निवडून तेवढ्यापुरताच पहारा करतो. नेहमीच्या जुळणीत त्याला सुमारे दोन मेगाबाइट मेमरी पुरते. एका यंत्रात त्याच्या हाती दोष लागण्याचा संभव थोडा. परंतु अशी हजारो यंत्रे बाजारात असतील, तर कोठे ना कोठे तो सापडतोच. आणि प्रत्येक बांधणीची उत्तरपत्रिका व सविस्तर नकाशा, तारखेनिशी, कार्यशाळेच्या कपाटात जपून ठेवावा.

पेडणे तालुक्यातील तुये येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी वसाहत आखण्यात आली. डिचोली तालुक्यात मये येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि म्हापशाच्या परिसरातील महाविद्यालयांतून संगणकाचे शिक्षण मिळते. येथील तरुण उद्या जी यंत्रे जोडतील, विकतील आणि दुरुस्त करतील, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात हाच कर्नेल असेल. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही विनामूल्य मिळते, आणि दोषशोधनाचे हे पर्याय शिकण्यासाठी जुनापुराणा संगणकही चालतो. ग्राहकापाशी वाद घालण्याची वेळ येते तेव्हा 'वीज गेली असेल' एवढेच उत्तर ज्याच्यापाशी असते, तो कारागीर अंदाजावर जगतो. ज्याने यंत्र घरी पाठविण्यापूर्वीच साक्षीची व्यवस्था करून ठेवली, तो मात्र कोणत्या कार्यातील कोणती ओळ चुकली हे दाखवून ती दुरुस्त करू शकतो, आणि ग्राहकाचा इन्व्हर्टरचा खर्च वाचवू शकतो. या व्यवस्थेसाठी बांधणीच्या आदल्या संध्याकाळी यादीच्या तळाशी जाऊन, तेथील प्रत्येक प्रश्न शांतपणे वाचून, विचारपूर्वक उत्तर देण्याइतकीच सवड लागते.